खाडीपलीकडचा शेरखान

दिघीच्या जेट्टीवर आगरदांड्याच्या फेरीची वाट पाहत उभं राहिलं की समोर राजपुरीची खाडी दिसते, तिच्या मुखाशी जंजिरा आणि पलीकडे मुरुड तालुक्याचा किनारा. त्या मुरुडात १९५१ साली जन्मलेल्या एका मुलाने पुढे देशभरातल्या पोरांची झोप उडवली, ती फक्त आवाजाने. १९९३च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही जपानी कार्टून मालिका हिंदीतून लागायची आणि तिच्यातला शेरखान बोलायचा नाना पाटेकरांच्या आवाजात. २०१६ मध्ये डिस्नेने त्याच गोष्टीवर भव्य चित्रपट केला, तेव्हाही हिंदी शेरखानसाठी नानांनाच बोलावलं गेलं. मूळ गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग तर १८६५ साली मुंबईतच जन्मलेले.

आणि याच चित्रपटावरून मुंबईत एक वाद पेटला: हा लहान मुलांनी पाहावा का?

एप्रिल २०१६ मध्ये चित्रपट भारतात आला तो 'यू/ए' प्रमाणपत्र घेऊन, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांनी आईवडिलांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा. लोकांनी सेन्सॉर बोर्डाची भरपूर टिंगल केली. मोगलीची गोष्ट, आणि ती मुलांना चालत नाही? तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं असं, की थ्रीडीमध्ये प्राणी थेट प्रेक्षकांच्या अंगावर झेपावतात आणि ते भीतिदायक आहे. मला तेव्हापासून वाटत आलं आहे की हे कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ते नीट तपासायला गेलं की मुलांच्या मेंदूबद्दल अशा गोष्टी कळतात की थक्क व्हायला होतं.

१९७१ मध्ये अमेरिकेत बॉल आणि ट्रॉनिक या दोन संशोधकांनी अवघ्या काही आठवड्यांच्या तान्ह्या बाळांसमोर पडद्यावर एक सावली मोठी मोठी होत नेली, जणू एखादी वस्तू अंगावर चालून येते आहे. बाळांनी डोकं मागे घेतलं, हात वर केले. सावली बाजूने निघून जाताना दाखवली, तर तसं काहीच नाही. ज्याला अजून मानही धरता येत नाही, कशाचा मार कधी लागलेला नाही, त्या जिवाला ठाऊक आहे की झपाट्याने मोठी होणारी आकृती म्हणजे संकट! थ्रीडी चित्रपट नेमकी हीच तार छेडतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिली जातात, मेंदू त्या फरकातून अंतर काढतो, आणि वाघ पडद्याच्या अलीकडे, आपल्या खुर्चीपाशी येऊन पडतो. शिवाय हा वाघ रेषांनी काढलेला नव्हता. मोगली झालेला नील सेठी खराखुरा, बाकी जंगल, पाऊस आणि वाघाचा प्रत्येक केस संगणकावर घडवलेला, आणि चित्रीकरण झालं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. ॲनिमेशन म्हणावं तर ते खऱ्याहून खरं.

म्हणजे बोर्ड झेपेबद्दल बरोबर होतं. पण झेप ही भीतीची एकच जात आहे, आणि भीतीच्या जाती वयाबरोबर बदलतात.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी या विषयात बरीच वर्षं घालवली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि सिंथिया हॉफनर यांनी एकाच म्हातारीची वेगवेगळी रूपं मुलांना चित्रफितीत दाखवली. कुठे ती गोड आजीसारखी, कुठे चेटकिणीसारखी. कुठे मांजराशी मायेने वागणारी, कुठे क्रूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी चेहऱ्यावर भर दिला: कुरूप दिसते म्हणजे वाईटच वागणार. मोठी मुलं तिच्या वागण्याकडे बघत होती. 'इनक्रेडिबल हल्क' ही मालिका दाखवली तेव्हाही तसंच झालं. सज्जन माणसाचा हिरवा राक्षस होतो, त्या रूपांतराच्या क्षणी छोटी मुलं सर्वांत जास्त घाबरली. मोठ्यांना तिथे विशेष भीती वाटली नाही, कारण हा राक्षस मदतीला धावतो हे त्यांना कळत होतं.

आता हे डोक्यात ठेवून २०१६चा शेरखान पुन्हा पाहा. त्याचा चेहरा एका बाजूने भाजलेला आहे, एक डोळा गेलेला आहे. चार वर्षांच्या मुलाची भीती तिथेच, पहिल्या दर्शनाला सुरू होते. पण चित्रपटात पुढे एक शांत प्रसंग आहे. लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला त्याने कड्यावरून फेकून दिलं आहे, कळप त्याच्या धाकात आहे, आणि हा वाघ लांडग्यांच्या पिलांमध्ये आरामात पसरून त्यांना कोकिळेची गोष्ट सांगतो: दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या पक्ष्याची. पिलं कान टवकारून ऐकतात. त्यांची आई रक्षा हे पाहते आहे. चार वर्षांच्या मुलाला इथे दिसतो तो पिलांना गोष्ट सांगणारा वाघ, आणि त्याला जरा हायसंही वाटेल. दहा वर्षांच्या मुलीच्या मात्र अंगावर काटा येतो, कारण तिला रक्षाच्या मनातलं कळतं. एकाच बाकावर बसलेली दोन भावंडं दोन वेगळे चित्रपट पाहत असतात. हे मला पडद्यावरच्या कुठल्याही जादूपेक्षा मोठं आश्चर्य वाटतं.

मग २०१६च्या प्रमाणपत्रात खरी त्रुटी कुठे होती? त्याच्या एकाच पायरीत. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली 'यू/ए' हा वर्ग १९८३ मध्ये आला आणि पुढची चार दशकं चार वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल त्याने एकाच रांगेत बसवलं. २०२३ मध्ये कायदा बदलला, २०२४ मध्ये नवे नियम आले, आणि त्या एका वर्गाचे तीन झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरच्यांसाठी. सातची रेघ मला मनापासून पटते. चेहऱ्यावरून पारख करणारं वय साधारण तिथेच मागे पडत असतं.

अशी रेघ ओढणं कुठेच सोपं गेलेलं नाही. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये लागला तेव्हा तिथल्या मंडळाने, मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा असं ठरवलं होतं. सशांची गोष्ट सांगणारा 'वॉटरशिप डाउन' १९७८ मध्ये तिथे सर्वांसाठी खुला झाला आणि रक्ताने माखलेल्या सशांनी एका पिढीला रडवलं. त्याचं वर्गीकरण बदलायला २०२२ उजाडलं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०१४ मध्ये एक अभ्यास छापला. गाजलेले ४५ ॲनिमेशनपट मोठ्यांच्या ९० नाट्यमय चित्रपटांशी ताडून पाहिले, तर महत्त्वाच्या पात्राच्या मृत्यूचा धोका ॲनिमेशनमध्ये अडीच पट निघाला. मुलांचा सिनेमा म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि आई मरते ती तिथेच.

मूल घाबरलं की आपण काय म्हणतो? 'अगं, खोटं आहे ते.' कँटर यांनी हेही तपासलं. 'विझार्ड ऑफ ऑझ'मधल्या चेटकिणीच्या प्रसंगाआधी काही मुलांना सांगितलं, हे खरं नाही, हे लक्षात ठेवा. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती कमी झाली. तीन ते पाच वर्षांच्यांना काडीचा उपयोग झाला नाही. त्यांना उपयोगी पडतं ते शरीराला कळणारं काही: मांडी, पांघरूण, हातातला खाऊ. कोकणाला हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. शिमग्यात संकासुर अंगणात येतो, काळा वेष, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत पळतात आणि आजीच्या पदराआडून पुन्हा डोकावतात. तिथे कुणी समजूत घालत बसत नाही. पदर असतो, तेवढा पुरतो.

एक गोष्ट आईबापांच्या लक्षात सहसा येत नाही, ती आवाजाची. घाबरलेलं मूल डोळे मिटतं, पण कान चालूच राहतात आणि मनातला वाघ पडद्यावरच्यापेक्षा मोठा होत जातो. डॅनियल ब्लमस्टीन हे मार्मट नावाच्या डोंगरी खारवर्गीय प्राण्यांच्या किंकाळ्यांचे अभ्यासक. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भयपटांच्या ध्वनिपट्टीत घाबरलेल्या प्राण्याच्या आवाजासारखी खरखर, चिरकेपणा वापरलेला सापडतो. नानांच्या शेरखानला तर किंचाळावंही लागत नाही, तो संथ खालच्या पट्टीत बोलतो आणि तेवढं बस होतं. म्हणून चित्रपट मुलाला दाखवायच्या आधी त्यातला सर्वांत वाईट प्रसंग एकदा डोळे मिटून ऐकावा. पोस्टर आणि ट्रेलरपेक्षा त्यातून जास्त कळतं.

हे सगळं आता दिघीतल्या घरात ठरतं, कारण सिनेमा मोबाइलवर आला आहे. खाडीपलीकडे फणसाडच्या जंगलात बिबट्या आहे हे इथल्या मुलांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे मोगलीचा दोस्त, काळा बिबट्या बगीरा त्यांना अगदीच परका नसावा. वीतभर पडद्यावर शेरखान लहान दिसतो, झेपही लहान होते. पण थिएटरात शेजारी शंभर माणसं असतात, आणि इथे चादरीखाली, कानात हेडफोन घालून मूल एकटं असतं. २०२१च्या नियमांनी ओटीटी कंपन्यांना वयाची खूण आणि आशयाची सूचना दाखवणं भाग पाडलं आहे, आणि १३ वर्षांवरच्या वर्गापासून पुढे पालकांच्या हाती कुलूप देणंही. सातच्या वर्गाला ते कुलूप सक्तीचं नाही. तिथे मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे घरानेच ठरवायचं आहे.