सामान्य माणूस आणि अधिकारशाही चळवळ : वऱ्हाडच्या संदर्भात काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या संघटित चळवळीत नेत्याचा शब्द अंतिम मानला जातो, त्याला प्रश्न विचारणे हा द्रोह ठरतो, सभासदाच्या खासगी आयुष्यावरही संघटनेचा हक्क गृहीत धरला जातो आणि बाहेरच्या जगाची ‘आपले’ व ‘शत्रू’ अशी सरळ वाटणी केली जाते, तिला अधिकारशाही चळवळ म्हणतात. तिचे रूप राजकीय पक्षाचे असू शकते, धार्मिक पंथाचे असू शकते किंवा जातपंचायतीचेही असू शकते. अशा चळवळींविषयी लिहिताना बहुधा नेत्याच्या चरित्राला सारी जागा दिली जाते आणि अनुयायी मात्र ‘भोळे’ किंवा ‘माथेफिरू’ म्हणून एका शब्दात निकालात काढले जातात. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील समाजशास्त्रीय व ऐतिहासिक अभ्यासांतून दिसणारे चित्र याहून वेगळे आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत आखाडे, भजनी मंडळे, सेवामंडळे आणि सहकारी संस्था यांचे जाळे पूर्वीपासून दाट असल्यामुळे, माणूस संघटनेत का शिरतो आणि संघटना केव्हा बिघडते, हे तपासण्यास वऱ्हाडची उदाहरणे विशेष उपयोगी पडतात.

गैरसमज १ : गरीब, अशिक्षित आणि संकटात सापडलेले लोकच अशा चळवळींच्या मागे जातात.

वस्तुस्थिती : जर्मनीत नाझी पक्षाला १९२८ साली केवळ २.६ टक्के मते होती आणि जागतिक मंदीच्या काळात, जुलै १९३२ मध्ये, ती ३७.३ टक्क्यांवर गेली. परंतु ही वाढ प्रामुख्याने बेकारांच्या जोरावर झाली नाही. बेकार कामगारांचा ओढा बहुतांशी कम्युनिस्ट पक्षाकडे राहिला, तर नाझींच्या मतदारांत शेतकरी, दुकानदार, नोकरदार आणि सुशिक्षित मध्यमवर्ग यांचा मोठा भरणा होता. शेतमालाचे भाव कोसळल्याने कर्जात बुडालेल्या, प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात त्यांना निम्म्याहून अधिक मते पडली. उलट त्याच मंदीत होरपळणाऱ्या कॅथलिक भागांत, तेथील चर्च आणि कॅथलिकांचा सेंट्रम पक्ष यांची पकड टिकून असल्याने, हे प्रमाण बरेच कमी राहिले. शिक्षण हेही पुरेसे कवच ठरत नाही, कारण २० मार्च १९९५ रोजी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांत हृदयशल्यचिकित्सक आणि भौतिकशास्त्राचे पदवीधर होते.

त्याच जागतिक मंदीत वऱ्हाडातील कापूस उत्पादकाचीही दैना झाली होती; कापसाचे भाव पडले होते आणि सावकाराचे देणे मात्र कमी होत नव्हते. तरीही येथील असंतोषाने वेगळी वाट धरली. समुद्रापासून दूर असलेल्या अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे १९३० साली खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला, त्याच वर्षी जुलैमध्ये पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला, आणि १९३३ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात कर्ज तडजोडीचा कायदा होऊन देणेकरी व सावकार यांना मंडळापुढे बसवून हप्ते ठरविण्याची सोय झाली. संकट माणसाला अस्वस्थ करते हे खरे. परंतु ती अस्वस्थता कोणत्या दिशेने वळेल, हे त्या वेळी जवळ कोणती संघटना आहे आणि दाद मागण्याचे कोणते मार्ग खुले आहेत, यावर अवलंबून असते.

गैरसमज २ : अशा चळवळी माणसाची मेंदूधुलाई करतात, म्हणजे त्याची विचारशक्तीच काढून घेतात.

वस्तुस्थिती : घरातील तरुण मुलगा एखाद्या पंथात गेला की ‘कुणीतरी त्याला नादी लावले’ असे म्हणण्याची रीत आहे आणि मेंदूधुलाईची कल्पना हा त्याच समजुतीचा शास्त्रीय वाटणारा अवतार आहे. लंडनच्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी कोरियन धर्मगुरू सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पंथाच्या निवासी शिबिरांत आलेल्या लोकांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक सभासद झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतील बहुतेक दोनेक वर्षांत आपण होऊन बाहेर पडले, असे त्यांना आढळले. शिबिरात अमोघ असे काही तंत्र असते, तर इतके लोक कोरडे परतले नसते. त्याआधी १९६५ साली जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी याच पंथाच्या अमेरिकेतील प्रारंभीच्या गटाच्या अभ्यासातून दाखवून दिले होते की, सामील होणाऱ्याची आतल्या माणसांशी मैत्री जुळलेली असते आणि बाहेरच्यांशी असलेले धागे सैल झालेले असतात. सिद्धांत पटणे बहुधा या जवळिकीच्या मागून येते. मेंदूधुलाईचे स्पष्टीकरण कुटुंबाला दिलासा देते, परंतु त्यामुळे त्या मुलाला तेथे काय मिळाले, हा उपयोगी प्रश्न विचारायचा राहून जातो.

गैरसमज ३ : एकटी पडलेली माणसे बळी पडतात, मंडळे आणि संस्था भरपूर असलेला समाज आपोआप सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती : एकाकी माणसाला आधाराची ओढ असते हे खरे असले, तरी जर्मनीचा अनुभव या समजुतीच्या उलट जातो. विल्यम शेरिडन ॲलन यांनी १९६५ साली नॉर्टहाइम या छोट्या गावाचा जो इतिहास लिहिला, त्यात गावातील ओळखीची आणि प्रतिष्ठित माणसे नाझी पक्षाला पत मिळवून देताना दिसतात. पुढे शंकर सत्यनाथ, निको फॉइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोथ यांनी जर्मन शहरांतील गायनमंडळे, व्यायामशाळा, पशुपालकांचे संघ अशा संस्थांची नोंद जमवून २०१७ साली असे दाखवले की, जेथे अशा संस्था अधिक होत्या तेथे नाझी पक्षाचे सभासद अधिक वेगाने वाढले, मग त्या संस्थांचा राजकारणाशी संबंध असो वा नसो. प्रशियात मात्र प्रांतिक शासन तुलनेने स्थिर असल्याने हा परिणाम क्षीण राहिला. ज्या ओळखींवर चांगले काम उभे राहते, त्याच ओळखींवरून नवी निष्ठाही पसरते. ती आवरण्याचे काम सभोवतीच्या लोकशाही संस्था करतात.

या मुद्द्याला अमरावतीच्या इतिहासात एक थेट संदर्भ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या आखाड्यातून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. पारतंत्र्यातील एका जिल्ह्याच्या गावची संस्था देशी खेळ जगापुढे मांडत होती, आणि तेवढ्यावरून तिला नाझी राजवटीची समर्थक ठरविणे अन्यायाचे होईल. महत्त्वाचा प्रश्न बर्लिनमध्ये पाहुण्यांना काय दिसत होते, हा आहे. ज्यूविरोधी फलक तात्पुरते उतरवण्यात आले होते, उंच उडीतील ज्यू खेळाडू ग्रेटेल बर्गमन हिला जर्मन संघातून वगळण्यात आले होते, आणि शहराबाहेर ओरानिएनबुर्ग येथे त्याच जुलैपासून झाक्सेनहाउझेन छळछावणीचे बांधकाम सुरू होते. पाहुण्यांच्या नजरेस पडत होती ती शिस्त, कवायत आणि सळसळती तरुणाई. या गोष्टी अमरावतीच्या आखाड्यातही होत्या. फरक असा की जर्मनीत १९३३ पासून क्रीडामंडळांसह सर्व संस्था एकाच सत्तेच्या हुकमतीखाली आणण्यात आल्या होत्या आणि ज्यू सभासदांना काढून टाकण्यात आले होते. संघटनेची जात केवळ तिच्या कवायतीवरून ओळखता येत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

गैरसमज ४ : माणूस आधी विचार पटवून घेतो आणि मग कृती करतो.

वस्तुस्थिती : बहुधा क्रम उलटा असतो. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुरक्षित वाहनचालनाचा मोठा, बेढब फलक अंगणात लावण्याची विनंती थेट केली असता सुमारे १७ टक्के कुटुंबांनीच होकार दिला. परंतु ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटी पाटी खिडकीत लावली होती, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्के झाले. लहान कृती केल्यावर ‘आपण या कामाची माणसे आहोत’ अशी स्वतःविषयीची धारणा तयार होते आणि पुढची मागणी त्या धारणेशी सुसंगत वाटू लागते. वर्गणी, मग साप्ताहिक हजेरी, मग ठरावीक पोशाख, मग एखाद्या शेजाऱ्याशी संबंध तोडण्याची सूचना, असा हा प्रवास होतो. यातील पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही निरुपद्रवी मंडळात असतात, म्हणूनच चौथी मागणी आली तेव्हा उंबरठा ओलांडला गेला आहे, हे आतल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

गैरसमज ५ : आदेश मिळाला की माणूस यंत्र बनतो आणि नकार देणे त्याच्या हाती उरत नाही.

वस्तुस्थिती : स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा १९६१ साली सुरू झालेला प्रयोग या गैरसमजाच्या पुष्टीसाठी नेहमी सांगितला जातो. शिकणाऱ्याचे उत्तर चुकले की विजेचा अधिकाधिक तीव्र धक्का द्यायचा, असे सांगितलेल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. धक्के अर्थातच खोटे होते. मात्र त्याच प्रयोगमालिकेतील दुसऱ्या प्रकारात, सोबतच्या दोन साथीदारांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी केवळ ४ उरले. शिवाय ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ असे दरडावल्यावर लोक बहुधा थांबत, तर प्रयोगासाठी पुढे जाणे गरजेचे आहे असे सांगितल्यावर पुढे जात. यावरून अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायशर यांनी असे प्रतिपादन केले आहे की, माणसे आंधळेपणाने आज्ञा पाळत नाहीत, तर एका उदात्त वाटणाऱ्या कामात सहभागी असल्याच्या भावनेने ती पाळतात.

इतिहासातही हेच दिसते. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ साली ज्या १०१ क्रमांकाच्या जर्मन राखीव पोलिस पथकाचा अभ्यास मांडला, त्यातील बहुतेक जण हाम्बुर्गचे मध्यमवयीन, सामान्य व्यवसाय करणारे गृहस्थ होते. पोलंडमधील योझेफुफ येथे १३ जुलै १९४२ रोजी ज्यूंच्या हत्याकांडापूर्वी त्यांच्या प्रमुखानेच, ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, अशी मुभा दिली होती. सुमारे पाचशेंपैकी डझनभर लोकच तेव्हा पुढे आले, आणि नकार देणाऱ्यांना कठोर शिक्षा झाली नाही. बाकीच्यांना रोखून धरणाऱ्या कारणांत मोठे कारण होते ते सोबत्यांत भेकड ठरण्याची लाज. म्हणजे नकार शक्य असतो, पण त्याची सामाजिक किंमत माणसाला फार मोठी वाटते. आणि कुणीतरी पहिला नकार उच्चारला की ती किंमत इतरांसाठी झपाट्याने उतरते.

गैरसमज ६ : शिस्त, सामुदायिक प्रार्थना आणि थोर पुरुषावरील श्रद्धा म्हणजेच अधिकारशाहीची सुरुवात.

वस्तुस्थिती : वऱ्हाडातील दोन उदाहरणे हा गैरसमज दूर करण्यास पुरेशी आहेत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांच्या शब्दावर हजारो लोक झाडू हाती घेत आणि धर्मशाळांसाठी पैसा देत. परंतु त्यांनी शिष्य केले नाहीत, गादी चालवली नाही, आणि कुणी पाया पडू लागले तर ते चालू दिले नाही. त्यांचे कीर्तनही प्रश्नोत्तरांचे असे. ते श्रोत्यांना विचारत, श्रोते उत्तर देत, आणि देवाला नवस बोलून मूल होते का, कर्ज काढून सण करावा का, याचा निकाल श्रोत्यांच्याच तोंडून लागे. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. सामुदायिक प्रार्थना, ठरलेली वेळ आणि श्रमदान यांची शिस्त तेथे कडक होती, तरी तिचा रोख गावाने आपला कारभार स्वतः पाहावा याकडे होता, आणि १९४२ साली ब्रिटिश सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले. श्रद्धेचे प्रमाण किती, यापेक्षा त्या श्रद्धेतून माणसाची निर्णयशक्ती वाढते की नेत्याकडे गहाण पडते, हे पाहिले पाहिजे.

गैरसमज ७ : पटले नाही तर कोणीही केव्हाही बाहेर पडू शकतो.

वस्तुस्थिती : दाराला कुलूप नसले तरी बाहेर पडण्याची किंमत असते. आत गेलेल्या माणसाचे मित्र, सोयरिकी, कधी रोजगारही त्या गटातच गुंतलेले असतात आणि इतकी वर्षे आपण चुकलो, हे मान्य करणे जड जाते. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाचे लग्न, मयत आणि किराणा एकाच वेळी अडतात. म्हणूनच महाराष्ट्र शासनाला सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. यावरून घरच्यांनी घ्यावयाचा बोधही निघतो. पंथात वा गटात गेलेल्या मुलाशी बोलणे टाकले की त्याचा बाहेरचा शेवटचा धागा तुटतो आणि त्या गटाचेच काम सोपे होते. वाद झाला तरी चालेल, पण घरचे ताट आणि बोलणे चालू राहिले पाहिजे.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की, सामान्य माणूस अधिकारशाही चळवळीत मैत्री, सेवा आणि कर्तव्य याच ओढीने शिरतो आणि त्याच ओढीने चांगल्या संस्थाही उभ्या राहतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी दोहोंतील भेद ओळखता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. भेद आतील व्यवहारात असतो आणि तो तीन साध्या गोष्टींनी तपासता येतो : सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणत्याही सभासदाला मागता येतो काय, आमसभेत नेत्याच्या मताविरुद्ध बोललेला माणूस दुसऱ्या दिवशीही मानाने वावरतो काय, आणि सोडून गेलेल्याशी बोलण्यास मनाई आहे काय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवून तो तपासून घ्यावा लागतो. बाकीच्या दोन गोष्टी बहुतांशी कायद्याच्या आवाक्याबाहेरच्या असून त्या सभासदांच्या सवयीवरच टिकतात. ही सवय मंडळाचे काम उत्तम चाललेले असताना आणि नेता सज्जन असतानाच लावून घ्यावी लागते, कारण नेतृत्व बिघडल्यावर प्रश्न विचारणारा पहिला माणूस एकटा पडतो, आणि तो एकटा पडू नये एवढी पूर्वतयारी करणे, हेच सामान्य सभासदाच्या हाती असलेले सर्वांत परिणामकारक काम आहे.