बस आपली जमीन डोक्यावर घेते!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोकणातला पाऊस म्हणजे दहा पावलांवरचं माडाचं झाडही दिसत नाही! अशाच एका दुपारी चिपळूणजवळ रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि माझ्या भाचीची शाळेची बस तासभर अडकली. घरी आजी छत्री घेऊन फाटकात उभी. बस कुठे आहे, मुलं कशी आहेत, काहीच कळेना. भाची हसतहसत उतरली, पण आजी त्या दिवशी जेवली नाही.

मग पालक आणि बसवाले काका एकत्र बसले आणि ठरलं, की बस कुठे आहे ते घरी कळलं पाहिजे. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी बसगाड्यांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण असावंच लागतं. ही बस त्याच्या आधीची. म्हणून रविवारी ती गॅरेजात गेली आणि मागोमाग भाची आणि मीही गेलो.

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या दादांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. कंपासपेटीएवढा एक काळा डबा आणि एक छोटी काडी. भाचीने आधी काडीला बोट लावून पाहिलं. काडी बोटाहून जराशीच मोठी!

"काका, ही एवढीशी काडी चिपळूणभर बोलणार?"

"बाळ, काडी एकटी नाही बोलत," दादा म्हणाले. "बससुद्धा बोलते तिच्याबरोबर."

हे काय कोडं? सोडवू या. पण आधी डब्याची ओळख.

माल चढवणारा, माल उतरवणारा

डब्याचं नाव मोडेम. एसटी स्टँडवरचे हमाल आठवा. गाडी निघाली की माल चढवतात, गाडी आली की उतरवतात. मोडेमही तेच करतो. त्याचा माल म्हणजे माहिती आणि गाडी म्हणजे रेडिओ लहर. 'मी बहादूरशेख नाक्यापाशी आहे' हा निरोप तो लहरीवर चढवतो आणि मोबाइलच्या मनोऱ्याकडे पाठवून देतो. तिकडून आलेला निरोप लहरीवरून उतरवून घेतो.

"मग डबा खिडकीपाशी ठेवला की झालं! काडी टपावर कशाला न्यायची?" भाचीने विचारलं.

याचं उत्तर 1836 साली लंडनमध्ये मिळालं होतं. मायकेल फॅरेडे यांनी 12 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 12 फूट उंच अशी एक खोलीच बांधली आणि ती धातूने मढवली. बाहेरून विजेचे मोठमोठे झटके दिले. ठिणग्या उडाल्या! फॅरेडे मात्र आपली उपकरणं घेऊन आत बसलेले. आत काहीच जाणवलं नाही. धातूचं कवच वीज आणि रेडिओ लहरी अशा बाहेरच्या बाहेर थोपवतं.

बस म्हणजे धातूची खोलीच, फक्त तिला खिडक्या आहेत. खिडक्यांतून लहरी येतात-जातात, म्हणून बसमध्ये आपला मोबाइल चालतो. पण घाटात, मनोरा लांब असताना, अशी अर्धीमुर्धी वाट पुरत नाही. काडीला मोकळी हवाच हवी.

घरी करून पाहा! मोठ्यांना विचारून त्यांचा मोबाइल अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये दोन-तीन पदरी नीट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल लावा. मग फॉइल थोडी उघडा आणि पुन्हा लावा. काय फरक पडला, तो वहीत लिहून ठेवा.

काडी बोटभरच का?

आता थोडं गणित. घाबरू नका, भाचीने ते गॅरेजच्या फरशीवर खडूने केलं!

रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने धावते, सेकंदाला 30 कोटी मीटर. मोबाइलच्या एका प्रकारच्या लहरीची कंपनं सेकंदाला 90 कोटी. मग एका लहरीची लांबी किती? 30 कोटी भागिले 90 कोटी, म्हणजे एक तृतीयांश मीटर. साधारण 33 सेंटिमीटर, तुमच्या मोठ्या फूटपट्टीहून थोडी जास्त.

काडीने लहरीशी सूर जुळवायचा, तर तिची लांबी लहरीच्या पाव असली की छान जमतं. 33 चा पाव करा. सव्वाआठ सेंटिमीटर! झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला की झोका उंच जातो ना? तशीच योग्य लांबीच्या काडीत वीज लहरीच्या तालावर वरखाली झुलते. ज्या लहरीची कंपनं दुप्पट, तिच्यासाठी काडी निम्मी पुरते.

आरशातली पेन्सिल

पण खरी गंमत पुढेच आहे. या काडीचं नाव अँटेना, पण पाव लांबीची काडी म्हणजे अर्धाच अँटेना. पूर्ण अँटेनाला दोन हात लागतात, एक वर आणि एक खाली. मग खालचा हात कुठे गेला?

एक छोटी पेन्सिल घ्या आणि आडव्या ठेवलेल्या आरशावर उभी धरा. काय दिसतं? दुप्पट लांबीची पेन्सिल! अर्धी खरी, अर्धी आरशातली. रेडिओ लहरींचा आरसा म्हणजे धातूचा सपाट पत्रा. काडीखाली पत्रा असला की लहरींना पूर्ण लांबीचा अँटेना 'दिसतो'.

1895 मध्ये इटलीत तरुण मार्कोनी आपल्या बागेत प्रयोग करत होता. निरोप फार लांब जाईना. तेव्हा त्याने तारेचं एक टोक उंच चढवलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. निरोप एकदम टेकडीपलीकडे पोचला! जमीनच त्याच्या अँटेनाचा दुसरा हात झाली.

"पण बस तर पळते. ती जमिनीत तार कशी पुरणार?" भाची म्हणाली, आणि लगेच टाळी वाजवून ओरडली, "टप! टप म्हणजे बसची जमीन!"

बरोबर! बस आपली जमीन डोक्यावर घेऊन फिरते. दादांचं कोडं सुटलं. काडी बोलते तेव्हा टपाचा पत्राही तिच्याबरोबर बोलतो.

आता अँटेना कुठे बसवायचा, ते तुम्हीच सांगा. कडेला बसवला तर एका बाजूला पत्रा भरपूर आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. म्हणून शक्यतो मधोमध, आणि सरळ उभा. टप फायबरचा असेल तर त्याच्याखाली धातूचा पत्रा द्यावा लागतो. सामान ठेवायच्या लोखंडी कठड्याच्या आड मात्र अँटेना नको.

एक वीत अंतर

टपाला भोक पाडायच्या आधी दादा आत गेले. आतलं छताचं आवरण सोडवून त्यांनी टॉर्च मारला. वर ड्रिल चालवायचं आणि खाली दिव्यांची वायर असेल तर? भोक नेमकं तिच्यातून! एक भोक पाडण्यासाठी त्यांनी दोन्ही बाजूंनी चार वेळा मोजलं. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मगच ड्रिल हातात घेतलं. भोक पडल्यावर त्याच्या कडा कानशीने घासल्या. पत्र्याचा कीस झटकून काढला, कारण तो गंजतो. अँटेनाचं बूड टेकणार होतं तिथला रंग खरवडला, कारण रंग वीज वाहून नेत नाही. उघड्या राहिलेल्या कडेला गंजरोधक रंग लावला.

"काका, या काडीतून निघतं ते आम्हाला लागणार नाही ना?"

छान प्रश्न! 4जी मोडेमची ताकद साधारण पाव वॉटच्या आसपास असते. रात्री लावायच्या छोट्या दिव्यापेक्षाही कमी. तरी अशा यंत्रांच्या पुस्तिकेत एक नियम असतो, की अँटेना आणि माणूस यांच्यात निदान 20 सेंटिमीटर अंतर हवं. भाचीने दादांचा पंजा पसरून मोजलं. दादांची एक वीत! अंतराची कमाल अशी, की ते दुप्पट केलं की लहरीची तीव्रता चौथाई होते आणि तिप्पट केलं की नववा हिस्सा उरतो. शिवाय टपाचा पत्रा मुलांच्या डोक्यावर ढालीसारखा असतोच. टपावर चढून कोणी काम करणार असेल, तर आधी मोडेम बंद करायचा.

काडीशेजारी एक चपटी चकतीही बसली. तिचं काम फक्त ऐकायचं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह काय सांगतात, ते ती ऐकते. निदान चार उपग्रहांचं ऐकलं, की बस नेमकी कुठे आहे याचा हिशेब लागतो. तो आवाज फारच क्षीण असतो, म्हणून तिला वर उघडं आकाश हवं.

लहरींची पन्हळ

टपावरून डब्यापर्यंत जाते ती साधी वायर नसते. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्याभोवती धातूची जाळी आणि वरून काळं आवरण. आतली लहर बाहेर सांडू नये आणि बाहेरची आत घुसू नये, म्हणून ही चार पदरांची केबल. तरीही चालताचालता लहर दमते. बारीक केबल तीन मीटर झाली, की तेवढ्यात जवळपास निम्मी शक्ती जाते! म्हणून केबल गरजेपुरतीच ठेवायची. ती काटकोनात मुडपायची नाही, चेपायची नाही. मुडपली की आतले पदर सरकतात आणि लहर तिथूनच माघारी फिरते.

माघारी फिरण्यावरून आठवलं. अँटेना जोडल्याशिवाय दादा मोडेम चालू करत नाहीत. बाहेर जायला वाटच नसेल, तर लहर उलटून मोडेमवरच येते आणि त्याला इजा होऊ शकते.

पत्र्याच्या भोकात त्यांनी रबरी कडी बसवली, नाहीतर बस हादरताना पत्र्याची कड केबल कापत राहिली असती. डब्यात शिरण्याआधी केबलीला खाली एक झोल दिला. "का सांग," त्यांनी भाचीला विचारलं. तिने थोडा विचार केला. "पाऊस! पाणी केबलीवरून ओघळत आलं, तर झोलापाशी खाली गळून जाईल. डब्यात जाणार नाही!"

आधी उणं, मग अधिक

आता वीज जोडायची. दादांनी हातातलं कडं काढून खिशात टाकलं. बस बंद, किल्ली बाहेर. बसची बॅटरी 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. व्होल्ट कमी वाटतात, पण अशी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह ओतू शकते. पाना चुकून भलतीकडे टेकला, तर लालबुंद होतो.

म्हणून आधी बॅटरीचं उणं टोक सोडवायचं. का बरं? बसचं सगळं लोखंडी धड उण्या टोकाला जोडलेलं असतं. अधिक टोक आधी सोडवायला गेलं आणि पाना धडाला लागला, तर शॉर्ट सर्किट! उणं आधी सुटलं, की प्रवाहाला परत जायची वाटच उरत नाही. जोडताना याच्या उलट. आधी अधिक, शेवटी उणं.

डब्याला वीज देणाऱ्या लाल वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज लावला. तो डब्यापाशी का नाही? समजा वायर मध्येच कुठे घासून उघडी पडली. फ्यूज पुढे डब्यापाशी असेल, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर तापून पेटेल आणि फ्यूजला पत्ताच लागणार नाही. राखणदार दारातच हवा, माजघरात नको!

डब्याला जागा मिळाली ड्रायव्हरकाकांच्या मागच्या कप्प्यात. ती कोरडी, इंजिनाच्या धगीपासून लांब, ब्रेकच्या पायापासून आणि स्टिअरिंगपासून दूर. अचानक ब्रेक लागला तरी डबा उडू नये, म्हणून चार स्क्रू. तुमच्या घरच्या मोटारीत एअरबॅग असेल, तर तिच्यावर किंवा तिच्यासमोर असं काही कधीच बसवायचं नसतं. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिच्या वाटेत डबा आला, तर तो दगडासारखा फेकला जाईल.

शेवटी दादांनी ड्रायव्हरकाकांना बजावलं. पेट्रोल पंपाची सूचना पाळायची. घाटात सुरुंगाचं काम चालू असेल आणि रेडिओ यंत्रं बंद करायची पाटी दिसली, तर मोडेम बंद करायचा. आता तुम्हाला कारण ओळखता येईल. सुरुंगाला जोडलेली लांब तारसुद्धा नकळत अँटेना बनू शकते! तिने लहर पकडली आणि तिच्यात प्रवाह सुरू झाला तर?

हे सगळं काम जाणकार मोठ्या माणसाचं. आपण शेजारी उभं राहायचं, बघायचं आणि 'का?' विचारत राहायचं. दादांनी एकाही 'का'ला कंटाळा केला नाही. त्यांच्या बसमध्ये रोज मुलं बसणार होती ना.

आठवड्यानंतर पुन्हा तसाच पाऊस आला. बस पुन्हा अडकली. भाची घरी पोचली, तेव्हा फाटकात कोणीच नव्हतं. ती धावत आत गेली. आजी खुर्चीत बसून मोबाइलकडे पाहत होती. नकाशावरचा ठिपका नुकताच घरासमोर येऊन थांबला होता आणि चुलीवर गरम भजी तयार होती.

भाचीने दप्तर टाकलं, आजीचा आरसा आणला आणि त्यावर पेन्सिल उभी धरली.

"आजी, बघ. बस तुझ्याशी अशी बोलते."