द्राक्षवेल आणि अबकारी कायदा

कोल्हापूरच्या माणसास उंसाचें अर्थशास्त्र शिकवावें लागत नाहीं. कारखान्यानें ऊंस नेला, कीं १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें चौदा दिवसांत ठरलेल्या किमान दराचे पैसे दिले पाहिजेत, हें येथील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. ते वेळेवर मिळतात कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. परंतु मागणाऱ्याच्या पाठीशीं कायदा उभा आहे. आज मी ज्या पिकाविषयीं बोलणार आहें, त्यास असा आधार नाहीं. तें पीक म्हणजे वाइनचें द्राक्ष. मी स्वतः मद्य घेत नाहीं, आणि त्याची भलावण करण्याचाही माझा हेतु नाहीं. मला चिंता आहे ती बागायतदाराची.

आपल्या शेजारच्या तासगांवाकडील द्राक्षें खाण्यास किंवा बेदाण्यास उत्तम. वाइनसाठीं मात्र शिराझ, शेनिन ब्लां अशा निराळ्या जाती लावाव्या लागतात. त्यांचे मणी लहान व बियांचे; फळबाजारांत त्यांस गिऱ्हाईक नाहीं. वेल लावल्यापासून भरीव पीक येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. मळीपासून मद्यार्क बारा महिने गाळतां येतो; वाइनच्या कारखान्यास मात्र वर्षाचीं सारीं द्राक्षें दोन-तीन महिन्यांत घ्यावीं लागतात, आणि माल विकेपर्यंत त्याचें भांडवल टाक्यांत अडकून पडतें.

२००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केलें. राज्यांतील द्राक्षांच्या वाइनवरील अबकारी कर माफ झाला. नाशिक जिल्ह्यांत विंचूर आणि सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें आंखण्यांत आलीं. त्या भरंवशावर अनेकांनीं बागा लावल्या. पुढें २००८ सालीं जगभर मंदी आली, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि वाइन टाक्यांतच राहिली. कारखान्यांनीं खरेदी आंखडली, आणि नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतःच्या हातानें वेली उपटून टाकल्या.

दुसरी अडचण राज्यघटनेंतच आहे. मद्य हा राज्यांचा विषय. सत्तेचाळिसावें कलम दारूबंदीचा यत्न करण्यास सांगतें, आणि राज्याची तिजोरी मद्याच्या कराकडे डोळे लावून असते. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तोही पिण्याच्या मद्यास वगळून. म्हणून आपली गुळाची ढेप निपाणीच्या पुढें सुखानें जाते. पण पलूसची बाटली बेळगांवास न्यावयाची, तर कर्नाटकाचे परवाने, शुल्क आणि कर निराळे.

२७ जानेवारी २०२२ रोजीं मंत्रिमंडळानें शंभर चौरस मीटर वा त्याहून मोठ्या दुकानांत वाइन विकण्यास मुभा देण्याचें ठरविलें. अण्णा हजारे यांच्यासारख्यांनीं विरोध केला, आणि निर्णय अमलांत आला नाहीं. विरोधकांचें म्हणणें मला क्षुल्लक वाटत नाहीं. किराणा मालाच्या शेजारीं मद्य पाहून लहान मुलें काय शिकतील, हा प्रश्न मास्तराच्याही मनांत येतोच. त्याच वर्षीं २९ डिसेंबरपासून ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार लागू झाला. पांच डॉलरांहून अधिक आयात-किमतीच्या बाटलीवरील दीडशें टक्के जकात शंभरावर आली आणि दहा वर्षांत आणखी उतरणार आहे. घरीं विक्रीचा दरवाजा किती उघडावा हें ठरलें नाहीं, तोंच परक्या मालासाठीं वेशीचा दरवाजा किलकिला झाला.

श्रोतेहो, वाइन असावी कीं नसावी, हें समाजानें अवश्य ठरवावें. परंतु सरकारचा निर्णय एका बैठकींत फिरतो. वेलीस तसें फिरतां येत नाहीं. म्हणून करांतील बदल कांहीं वर्षें आधीं जाहीर व्हावा, आणि भाव व पैसे देण्याची मुदत लिहून दिल्यावांचून कोणीही शेतकऱ्यास ही बाग लावण्यास सांगूं नये. उंसवाल्यास जें कायद्यानें मिळालें, तें द्राक्षवाल्यास निदान करारानें तरी मिळावें. इतकें झालें, तर पुन्हां मंदी आली तरी तिचा सारा भार एकट्या बागायतदारावर पडणार नाहीं.