गाव जुनंच का राहिलं? सांतो स्तेफानोची गोष्ट

आजच्या भागात आपण इटलीत जाणार आहोत, पण रोम, व्हेनिस नाही. रोमच्या पूर्वेला अब्रुझ्झो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे ग्रान सास्सो पर्वताच्या कुशीत, साधारण 1,250 मीटर उंचीवर, सांतो स्तेफानो दि सेसानिओ नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम शंभरेक माणसांची.

मी सकाळी पोचले तेव्हा गल्लीत फक्त माझ्याच बुटांचा आवाज येत होता. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. कुठे कमानीखालून जायचं, कुठे दगडी पायऱ्या. आणि गंमत म्हणजे गावाला वेगळी तटबंदीच नाही. कडेची घरं एकमेकांना इतकी चिकटून बांधलीत की त्यांच्या मागच्या भिंती हाच तट!

पहिला विचार आला, "वा, किती छान जपलंय!" पण खरं सांगू का, बराच काळ हे कुणी मुद्दाम जपलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. हे गाव लोकरीवर मोठं झालं. 1579 मध्ये ते फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे आलं आणि 1743 पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. वेशीच्या कमानीवर त्यांचं चिन्ह अजून दिसतं. इथली काळी, जाडीभरडी लोकर सैनिकांच्या आणि मठवासी साधूंच्या कपड्यांसाठी जायची. हिवाळा आला की मेंढपाळ कळप घेऊन दक्षिणेला पुल्याच्या मैदानात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे. आपले धनगर पावसाळा सरला की देशावरून कोकणात उतरतात ना, तसंच.

पुढे एकोणिसाव्या शतकात इटली एक झाली, पुल्यातली कुरणं नांगराखाली गेली आणि मेंढ्यांचा धंदा बसला. माणसं पोटासाठी बाहेर पडली, बरीच तर समुद्रापार गेली. आता गावात पैसाच नाही म्हटल्यावर जुनं पाडून नवं बांधणार कोण? म्हणून ते मध्ययुगीन राहिलं. आपण ज्याचे फोटो काढतो, ती शांतता म्हणजे गेलेल्या माणसांची रिकामी जागा आहे. हे कळल्यावर मी कॅमेरा जरा वेळ पिशवीतच ठेवला.

मग रिकाम्या घरांचं करायचं काय? इथे एक उत्तर निघालं. पडकी घरं जुन्याच पद्धतीने दुरुस्त करून त्यांच्या खोल्या केल्या. एक खोली या गल्लीत, दुसरी त्या गल्लीत. याला तिकडे 'अल्बेर्गो दिफ्फूजो', म्हणजे विखुरलेलं हॉटेल म्हणतात. पण पाहुणे म्हणजे रहिवासी नव्हेत. म्हणून 2020 मध्ये ग्रामपालिकेने इथे राहायला येणाऱ्या चाळिशीच्या आतल्या लोकांना आर्थिक मदत जाहीर केली.

आणि तो गोल बुरूज! 6 एप्रिल 2009 च्या पहाटे लाक्विलाचा भूकंप झाला, त्यात तो कोसळला. नंतरच्या काळात त्याच्या माथ्यावर काँक्रीटचा जड भार चढवला होता, तो नडला. आता बुरूज पुन्हा उभा आहे. जुन्या वास्तूला हात लावताना किती जपावं लागतं, याचा हा धडाच.

जायचं असेल तर रोमहून लाक्विलापर्यंत बस मिळते. पुढे वर जाणाऱ्या बस मोजक्याच, तेव्हा वेळा आधी बघा किंवा गाडी भाड्याने घ्या. शेजारच्या रोक्का कालाशिओ किल्ल्यापर्यंत पायवाट आहे, ती चुकवू नका. हिवाळ्यात बर्फ असतो.

आणि एक करा. धावत जाऊन परत येऊ नका, एक रात्र राहा. दुकानातून इथली मसूर घ्या. दाणा बारीक, काळपट, न भिजवता शिजतो. मला दुकानातल्या आजींनी खुणेनेच सांगितलं: लसूण, तमालपत्र, वरून ऑलिव्ह तेल, बास! ती मसूर हजार मीटरच्या वरच्या शेतांत पिकते आणि पिकवणारी माणसं अजून इथेच आहेत. आपले चार पैसे त्यांच्या हातात पडले, तर पुढच्या खेपेला एखादं दार तरी जास्त उघडं दिसेल.

तुम्हाला असं एखादं गाव माहीत असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!