राखीव प्रतीची उगवणशक्ती

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथील जाणता शेतकरी पऱ्हे टाकण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो व त्यांतील किती उगवले ते मोजतो. पोते भरलेले आहे, एवढ्यावरून बियाणे चांगले आहे असे तो मानीत नाही. संगणकातील माहितीच्या राखीव प्रतीला, म्हणजेच बॅकअपला, हाच न्याय लागू पडतो.

आज कर आकारणीच्या, शाळेच्या व कार्यालयाच्या कितीतरी नोंदी संगणकावर असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरात शिरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागून अनेक फायली नष्ट झाल्या. अशा प्रसंगी मूळ संगणक आणि त्याची प्रत एकाच खोलीत असतील, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या गावी, उंच जागी असावी.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी आरंभिली. लिनक्स ही तिच्याच धर्तीची. या प्रणालींतील ‘टार’ ही आज्ञा अनेक फायली एका संग्रहात बांधते. मजकुराबरोबरच प्रत्येक फाईल कोणाच्या मालकीची आणि ती कोणी वाचावी अथवा बदलावी, याचीही नोंद त्यात राहते. चालू असलेल्या माहितीकोशाची नुसती नक्कल मात्र विसंगत निघू शकते. त्याची प्रत त्याच्याच साधनाने स्वतंत्रपणे काढावी.

पुनःस्थापनेचा क्रम असा आहे. प्रथम संगणक वेगळ्या चकतीवरून अथवा पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. नव्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येक भागावर फाईलव्यवस्था उभारावी. त्यानंतर संपूर्ण प्रत उतरवावी आणि तिच्यानंतरच्या बदलांच्या प्रती तारखेच्या क्रमाने चढवाव्यात. क्रम चुकल्यास जुनी नोंद नवीवर बसते. हे काम ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून करावे, अन्यथा फायलींची मालकी बदलते. शेवटी प्रारंभक कार्यक्रम पुन्हा बसवावा व डिस्कच्या भागांची ओळख नोंदविणारी यादी दुरुस्त करावी. नव्या डिस्कची ओळख वेगळी असल्याने ही पायरी राहिली, तर सर्व माहिती परत येऊनही संगणक सुरू होत नाही.

हे सर्व आपत्तीच्या दिवशी प्रथमच करणे धोक्याचे होय. सहा महिन्यांतून एकदा तरी एखाद्या रिकाम्या संगणकावर प्रत उतरवून पाहावी, काही नोंदी मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. कृतीचा कागद छापील स्वरूपात असावा, कारण बंद पडलेल्या संगणकातील सूचना कोणालाच वाचता येत नाहीत.

ज्या कार्यालयाने, शाळेने वा ग्रामपंचायतीने ही चाचणी घेतली, तिच्याजवळच खऱ्या अर्थाने राखीव प्रत आहे, असे म्हणता येईल.