आवाज आत घ्यायचा की बाहेर काढायचा?
साउंड कार्ड घेण्याआधीच्या चार गोष्टी

गेल्या महिन्यात गटांनी रेकॉर्ड करून पाठवलेली भोंडल्याची गाणी आपण रेडिओवर लावली, त्यानंतर आम्हाला दोन फोन आले. एका गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "आमच्या लॅपटॉपवर गाणं भरलं की मागं सारखं गूंऽऽ वाजतं. साउंड कार्ड घ्यावं का?" दुसऱ्या ताईंचं वेगळंच. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळतो आणि साउंड कार्ड पाहिजे म्हणून हटून बसलाय. वर आईला पटवतो की तुमच्या भजनाच्या रेकॉर्डिंगलाही तेच चालेल. ताईंनी विचारलं, "खरं सांगतोय का हो तो?"

दोघींचं उत्तर एकदमच देतो, कारण या प्रश्नावर आम्ही स्वतः पैसे घालवून बसलो आहोत.

आधी साउंड कार्ड म्हणजे काय ते बघू. डेअरीत दूध घातलं की मशीन फॅट मोजतं आणि पावतीवर आकडा येतो. दूध टँकरमधून पुढं जातं, आपल्या हातात उरतो तो आकडा. आवाजाचंही तसंच. गळ्यातून निघालेला आवाज हवेत लाटा उठवतो, माइक त्या लाटांची वीज करतो आणि साउंड कार्ड ती वीज मोजून आकडे लिहीत जातं. गाण्याच्या सीडीसाठी हे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा होतं. व्हिडिओच्या कामात ४८,००० वेळा. ऐकताना सगळं उलटं: आकड्यांची पुन्हा वीज होते आणि हेडफोन ती हवेत सोडतो. म्हणजे कार्डाला कामं दोन, आवाज आत घेणं आणि आवाज बाहेर काढणं. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

खोक्यावर १६ बिट, २४ बिट असं छापलेलं असतं. ते म्हणजे मापाच्या पट्टीवर किती रेघा आहेत. १६ बिटमध्ये ६५,५३६ रेघा, २४ बिटमध्ये एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. ऐकायला १६ पुरतात. आत घेताना मात्र २४ चा फायदा होतो. बाई हळू सुरू करते आणि मध्येच सूर चढवते, तेव्हा आवाज फाटू नये म्हणून आपण माइकचं बटण कमीवर ठेवतो. रेघा जास्त असल्या की कमीवर ठेवूनही हळू गायलेलं नीट टिपलं जातं.

एके काळी कॉम्प्युटर नुसता टूंक करायचा. १९८७ साली ॲडलिब नावाचं कार्ड आलं, १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, आणि गेम खेळणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हा कार्ड वेगळं विकत घ्यावंच लागायचं. पुढं तीच सोय कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर येऊ लागली. आज तुमच्या घरातल्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये साउंड कार्ड आहेच. तेव्हा पहिला प्रश्न हा, की जे आहे त्यानं भागत नाही हे कशावरून?

आता आमची फजिती सांगतो.

आमच्या शेजारच्या वाडीत एक आजी आहेत. ऐंशीच्या पुढं वय. जात्यावर बसल्या की ओव्या आपोआप येतात, नुसतं सांगा म्हटलं तर म्हणतात, "जातं फिरल्याबिगर काय आठवायचं गं?" लॅपटॉपच्या भोकात माइक खुपसून आम्ही एकदा रेकॉर्ड केलं तर ओवीपेक्षा गूंऽऽच जास्त. मग गटाच्या पैशातून साउंड कार्ड घ्यायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी मोठं कार्ड दाखवलं, ते डेस्कटॉपची पेटी उघडून आत बसवायचं असतं. लॅपटॉपमध्ये ते बसतच नाही, एवढं तरी आम्हाला वेळेवर समजलं. मग त्यानं यूएसबीला लावायचं, निळे दिवे लागणारं कार्ड काढलं. "गेमिंगचं आहे, एक नंबर. मागचा सगळा आवाज साफ करतं." २,४०० रुपये दिले.

आजींकडे जाऊन २२ ओव्या रेकॉर्ड केल्या. गूंऽऽ खरंच गेलं होतं. पण रात्री हेडफोन लावून ऐकलं तर जातंही गेलं होतं! जात्याची घरघर नाही, आणि ओवी मध्ये मध्ये तुटलेली. सूर लांबवला की शेवट पाण्यात बुडाल्यासारखा. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. गेम खेळणारी पोरं एकमेकांशी बोलत असतात. त्यांचं बोलणं तेवढं पुढं जावं, पंख्याचा आवाज जाऊ नये, म्हणून त्या कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये सारखा चालणारा आवाज काढून टाकायची सोय होती, आणि ती आधीपासून चालूच होती. प्रोग्रॅमच्या हिशेबी जातं म्हणजे पंखाच. लांबवलेला सूरही त्याला बोलण्यासारखा वाटत नाही.

हे बटण बंद करता आलं असतं, आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही काहीही घ्या अगर घेऊ नका, रेकॉर्डिंगच्या आधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनचं 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद आहे का बघा. कार्डासोबत किंवा लॅपटॉपसोबत वेगळा प्रोग्रॅम आला असेल तर त्यातलं 'नॉइज'वालं जे जे दिसेल तेही बंद करा. भजन, टाळ, तंबोरा, जातं, सगळ्यालाच त्यानं धोका आहे.

दुसऱ्या दिवशी परत जावं तर आजी अंगणात पडल्या होत्या. खांदा निखळला. ते पुढं सांगतो.

त्या गूंऽऽचं काय? त्यात कार्डाचा दोष थोडा आणि घरातल्या विजेचा जास्त होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, तेच माइकच्या वायरीत शिरून गुणगुणतं. तुम्ही एक करून बघा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त आवाज एवढ्यानंच गेला. तुमच्याकडेही गेला तर कार्ड घेण्याआधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. त्यात जिवाचीही काळजी आहे. मग ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. मोबाइल माइकपासून हातभर लांब ठेवा, टिर्र टिर्र त्याचीच असते. सेटिंगमध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' पूर्ण वर असेल तर खाली आणा आणि माइक तोंडाच्या जवळ न्या. जवळचा माइक कमी बटणावर चालतो, आणि बटण कमी म्हणजे कचराही कमी.

आणखी एक, ही अगदी साधी. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कारण ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेत. जुन्या कॉम्प्युटरला मागं गुलाबी आणि हिरवी अशी दोन भोकं असतात, गुलाबी माइकचं, हिरवं ऐकायचं. तीन रेघांची पिन गुलाबीत घातली की माइक नीट चालत नाही आणि घरात जाहीर होतं, कार्ड गेलं! अशा वेळी एकाच्या दोन पिना करणारी छोटी वायर घेतली की भागतं.

इतकं करूनही आवाज स्वच्छ येत नसेल आणि गटाला गाणी, मुलाखती, भजनं नेहमी रेकॉर्ड करायची असतील, तर खर्च करा. पण दुकानात 'साउंड कार्ड' मागू नका, 'ऑडिओ इंटरफेस' मागा. तेही साउंड कार्डच, फक्त आवाज आत घेण्यासाठी केलेलं. छोटी डबी, यूएसबीनं जोडायची, पुढं माइकचं तीन टोचण्यांचं गोल भोक, त्याला एक्सएलआर म्हणतात. ही वायर लांब असली तरी विजेची गुणगुण फारशी आत घेत नाही. माइक साधा 'डायनॅमिक' घ्या. त्याला वेगळी वीज लागत नाही आणि लांबच्या कोंबड्या, मोटारसायकली तो कमी टिपतो. 'कंडेन्सर' माइक नाजूक आवाज छान घेतो, पण त्याला डबीतून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते आणि खोली शांत लागते. शांत खोली कुणाकडे आहे हो?

एकच बाई गाणार असेल तर एका माइकची डबी चालते. आम्ही दोन माइकची घेतली, एक आवाजाला, एक जात्याला. साडेसहा हजार पडले, माइक आणि वायरी वेगळ्या. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात होईल. मोबाइललाही जोडायची असेल तर ड्रायव्हर न टाकता चालते का, हे दुकानात स्वतःचा फोन लावून बघा. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. २४ बिट आणि ४८,००० वर एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ५२० एमबी जागा खातं, तेवढी आधी मोकळी करा.

डबीवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असेल तर उत्तम. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत हेडफोनला यायला क्षणभर वेळ जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागात आवाज हवेतून साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर अंगणात समोर बसलेल्या बाईचं ऐकण्यासारखा, काही बिघडत नाही. तोच सेकंदाच्या दहाव्या भागाइतका झाला की जोडीदारीण ३४ मीटर लांब बसून टाळ वाजवतेय असं होतं आणि ताल मोडतो. त्या बटणानं आपला आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो.

आता गेमवाल्या मुलाचं. त्याला आवाज बाहेर काढायचाय. मागून कोण आलं, पावलं डावीकडे की उजवीकडे, हे कळायला हवं. त्यासाठी आधी चांगला वायरचा हेडफोन घ्या आणि आहे त्याच भोकात लावून बघा. बहुतेकांचं तिथंच भागतं. हेडफोनमध्ये सरसर ऐकू येत असेल किंवा आवाज फार बारीक निघत असेल, तरच कार्डाचा विचार. साधं यूएसबी कार्ड पाचशेच्या आतही मिळतं. '७.१ सराउंड' असं खोक्यावर असलं तरी कान दोनच आणि हेडफोनची तोंडंही दोनच. आजूबाजूचा भास प्रोग्रॅम तयार करतो, आणि पुष्कळ गेममध्ये ती सोय असतेच. कार्डानं गेम जोरात पळतो, हे जुन्या काळी थोडं खरं होतं. आता ते काम मुख्य प्रोसेसर सहज उरकतो. ब्लूटूथचा हेडफोन मात्र नको. आवाज उशिरा येतो आणि त्याचाच माइक चालू केला की बहुतेकदा ऐकायचा दर्जा फोनइतका खाली येतो.

पण हेडफोन घेऊन द्याल तर आवाजावर लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं माप मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास असं आहे. आवाज वाढला की तास भराभर कमी होतात. घरी डेसिबल कुठून मोजणार? हेडफोन घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून साध्या आवाजात जेवायला हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज कमी करायला लावा. ऐकू जाऊनही उठला नाही तर ती गोष्ट वेगळी.

आणि हो, ताई, तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. रेकॉर्डिंगच्या डबीवर गेम छान खेळता येतो, कारण तिला हेडफोनचं भोक असतंच. गेमच्या कार्डावर भजनाचं रेकॉर्डिंग मात्र मनासारखं होईलच असं नाही. दोघांत मिळून एकच घ्यायचं तर डबी घ्या आणि ती कुणाच्या ताब्यात राहील ते आधी ठरवा.

आमचं निळ्या दिव्यांचं कार्ड दुकानदारानं परत घेतलं नाही. अध्यक्ष ताईंच्या भाच्याला दीड हजारात दिलं, तो खूश आहे. ९०० रुपयांची तूट वहीत 'रेकॉर्डिंग साहित्य' म्हणून लिहिली आणि महिन्याच्या बैठकीत वाचूनही दाखवली. दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं, ते बरोबरच होतं.

आजींचा खांदा सांधला, पण जात्याचा खुंटा आता त्यांना धरवत नाही. नवी डबी आल्यावर त्यांच्या सूनबाई जात्यावर बसल्या आणि आजी शेजारी. पहिल्यांदा काहीच येईना. मग आजींनी सुनेच्या हातावर आपला हात नुसता ठेवला आणि सुरुवात झाली. २२ पैकी १४ ओव्या आल्या. बाकीच्या आठ त्या तुटक्या रेकॉर्डिंगमध्येच आहेत, म्हणून ती फाइल पुसलेली नाही.

त्या १४ ओव्या पुढच्या मंगळवारी दुपारी लावणार आहोत. जात्याची घरघर तुमच्या रेडिओवर नीट ऐकू येते का, तेवढं फोन करून कळवा.