लाटा, वादळ आणि वीज

समुद्र कधी स्वस्थ बसत नाही. दिवस असो वा रात्र, लाटा येतच राहतात. या लाटांपासून वीज तयार करता येते. पण वीज देणाऱ्या याच लाटा वादळात यंत्राचा चुराडाही करू शकतात. नॉर्वे देशात बर्गन शहराजवळ, समुद्रकाठच्या कड्यावर, १९८५ साली असे एक वीजकेंद्र उभारले होते. तीन वर्षे ते चालले. मग डिसेंबर १९८८ मध्ये मोठे वादळ झाले आणि लाटांनी केंद्राचा पोलादी मनोरा कड्यावरून उखडून टाकला.

लाटेत एवढा जोर कोठून येतो? लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. रोजची लाट २ मीटर उंच आणि वादळातली लाट १० मीटर उंच असेल, तर वादळी लाटेत २५ पट ऊर्जा असते. यंत्राची कमाई रोजच्या लहान लाटांवर होते. मार मात्र क्वचित येणाऱ्या प्रचंड लाटांचा सोसावा लागतो. त्या मारासाठी यंत्र फार जाड व जड केले, तर खर्च वाढतो आणि वीज परवडत नाही. म्हणून इंजिनिअरांनी निरनिराळ्या युक्त्या शोधल्या.

पहिली युक्ती म्हणजे पाय घट्ट रोवून उभे राहणे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम येथे १९९१ मध्ये असे केंद्र सुरू झाले. तेथे समुद्रतळावर सुमारे ३,००० टन वजनाची काँक्रीटची पोकळ पेटी बसवली होती. लाट आत शिरली की पेटीतले पाणी वर चढे आणि वरची हवा जोराने बाहेर पडे. लाट ओसरली की हवा पुन्हा आत ओढली जाई. या हवेने वरचे चक्र फिरे व वीज तयार होई. त्यामुळे चक्राला लाटेचा तडाखा थेट बसत नसे. अशा काही केंद्रांत झडपही असते. हवेचा जोर फार वाढला की ती उघडतात. प्रेशर कुकरची शिट्टी जादा वाफ सोडते, तसेच हे आहे. विळिंजमचे केंद्र आता बंद आहे. पण स्पेनमधील मुत्रिकू गावच्या बंधाऱ्यात याच पद्धतीचे केंद्र २०११ साली सुरू झाले.

दुसरी युक्ती लाटेला वाट देण्याची. स्कॉटलंडमध्ये २००४ साली 'पेलॅमिस' नावाचे यंत्र समुद्रात सोडले. पोलादाच्या लांब नळ्या बिजागरीसारख्या सांध्यांनी जोडून ते बनवले होते. ते सापासारखे पाण्यावर तरंगे. त्याचे तोंड लाटांकडे असे. फार मोठी लाट आली की ते तिच्यावर चढत नसे, तिच्या पोटातून आरपार जाई.

तिसरी युक्ती समजण्यासाठी झोपाळा आठवा. योग्य वेळी हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. चुकीच्या वेळी जोराचा धक्का दिला तरी तो चढत नाही. 'कॉर्पॉवर' या स्वीडिश कंपनीचा तरंगता बोया असाच वागतो. लाटा लहान असताना तो आपली हालचाल त्यांच्या तालाशी जुळवतो आणि भरपूर वीज देतो. वादळात तो हा ताल सोडतो, त्यामुळे लाटा खालून निघून जातात आणि तो फारसा हलत नाही. २०२३ साली पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ या बोयाने १८ मीटरांहून उंच लाटा सोसल्या.

कोळी वादळात सापडला, तर लाटेशी ताकद लावत नाही. तो होडीची नाळ लाटेसमोर धरतो, म्हणजे होडी उलटत नाही. लाटांपासून वीज मिळवणाऱ्या माणसालाही समुद्राने हाच धडा दिला. कोठे पाय रोवायचे आणि कोठे वाट द्यायची, हे ज्या यंत्राला साधते, ते वादळानंतरही वीज देत राहते.